आत्याने लावलेलं फूल

कम्युनियनची, म्हणजे वेदीपाशी जाऊन पवित्र भाकर घ्यायची, घंटा झाली की लिओकादिया बाकाच्या टोकाला सरकून गुडघे एका बाजूला वळवायची आणि बाकीच्यांना वाट करून द्यायची. इतकी वर्षं हे चाललं होतं की कोण गेलं हे तिला मान वर न करता, नुसत्या पायांवरून कळायचं. शाळेच्या बाईंची चप्पल फटफट वाजायची. म्हातारा मुलुम्बा डावा पाय घासत जायचा. सगळे वेदीपाशी पोचले की बसल्या जागेवरून गाणं उचलायची ती लिओकादियाच. कितेंगा गावच्या चर्चमध्ये तिच्याइतका गोड गळा दुसऱ्या कुणाचा नव्हता. लोक तिच्या गाण्याच्या चालीवर पवित्र भाकर घेऊन परत यायचे, आणि ती गात राहायची.

बाई व्रताची पक्की होती. पहाटे कोंबडा आरवायच्या आत जपमाळ, शुक्रवारचा उपास, उपासकाळात चहा बंद. तिच्या भक्तीत खोट काढायला कुणाला जागा नव्हती. खोट एकच होती, आणि ती अर्ध्या चर्चची होती: नवऱ्याबरोबर संसार झाला, मुलं झाली, नातवंडं झाली, पण चर्चमध्ये लग्न लागलं नव्हतं. अशांना कम्युनियन नाही. म्हणून दर रविवारच्या मिस्सेला, कम्युनियनच्या वेळी अर्धे बाक भरलेलेच राहत.

प्रत्येक बाकाचं कारण वेगळं. कुणाला गावजेवण घालायची ऐपत नव्हती, आणि गावजेवणाशिवाय लग्न केलं तर गाव नावं ठेवणार. काही पुरुष म्हणत, चर्चमध्ये लग्न लावलं की बायको डोक्यावर बसते, कारण मग तिला घालवता येत नाही. यावर लिओकादियासारखीच बाकावर बसून राहणारी तिची मैत्रीण फेदेरेसी म्हणायची, "डोक्यावर बसायला आधी डोकं असावं लागतं."

लिओकादियाच्या नवऱ्याची, आनातोलीची, कारणं दर काही वर्षांनी बदलत. आधी छप्पर व्हायचं होतं. मग जुळी झाली, वास्स्वा आणि कातो, तेव्हापासून गाव त्याला सालोंगो म्हणू लागलं आणि तिला नालोंगो, म्हणजे जुळ्यांचा बाप आणि जुळ्यांची आई. जुळ्यांच्या बापाचं लग्न साधं कसं होईल, निदान एक गाय तरी कापायला हवी, असं आनातोली म्हणायचा. मग पोरांची शाळा. मग कॉफीला कीड. लिओकादिया ऐकून घ्यायची. खरं कारण दोघांनाही ठाऊक होतं आणि ते दोघांपैकी कुणी बोलत नव्हतं.

त्या वर्षी नवे फादर आले, फादर सिप्रियन. वयाने तिच्या जुळ्यांएवढेच. प्रवचन संपवून त्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाले, "चर्चच्या सणाला ज्यांना ज्यांना लग्न लावायचं आहे त्या सगळ्यांची लग्नं एकाच मिस्सेत लावीन. मेजवानी सगळ्यांची मिळून एक. ज्याने त्याने आपापल्या घरची केळी उकडून आणायची. गाय कापायची नाही. मात्र एक अट आहे. बायकोच्या माहेरी रीतीने जाऊन या. तिच्या माणसांनी तुम्हाला जावई म्हणून घरात घेतलं पाहिजे. कुणाची मुलगी चोरून आणलेली असेल तर ते लग्न मी लावणार नाही."

'चोरून' हा शब्द ऐकून पुरुषांच्या बाकांवरून खोकल्याचे आवाज आले. त्यातला एक आनातोलीचा होता.

घरी आल्यावर लिओकादियाने केळीच्या पानात उकडलेलं कच्च्या केळ्यांचं मातोके त्याच्यासमोर ठेवलं, वर शेंगदाण्याची आमटी ओतली आणि गुडघ्यांवर बसूनच राहिली.

"सालोंगो, ऐकलंत ना फादर काय म्हणाले?"

"ऐकलं. बाजारातल्या बकऱ्यांसारखं एका रांगेत उभं करणार आपल्याला."

"बकऱ्यांना कुणी विचारत नाही. आपल्याला विचारणार आहेत."

"गाय नाही, काही नाही. गाव काय म्हणेल?"

"गावच रांगेत उभं असणार आहे. फेदेरेसीने नाव दिलंसुद्धा."

आनातोली बराच वेळ नुसता घास मळत राहिला. छप्पर झालं होतं, पोरं कम्पालात कमावत होती, कॉफी अंगणात वाळत होती. पुढे करायला कारण उरलं नव्हतं.

"मग ती एकच उरली," तो शेवटी म्हणाला.

"हो," लिओकादिया म्हणाली. "आत्याच उरली."

त्यांच्यात मुलगी वयात आली की काही दिवस आत्याकडे राहते. चूल कशी राखायची, नवऱ्याचा राग कसा वाहून जाऊ द्यायचा, अंथरुणातलं शहाणपण, हे सगळं आत्या शिकवते. आईने या गोष्टी बोलायच्या नसतात. लिओकादियाला तिच्या वडिलांनी बुगोंझीला आपल्या बहिणीकडे, वेनेरांदा आत्याकडे पाठवलं होतं. शिकवणी सुरू व्हायच्या आधीच दारात एक काटकुळा पोरगा सायकल घेऊन येऊ लागला. मी कोंबड्यांचा व्यापारी आहे, म्हणाला. दोन दिवसांआड आत्याकडून एक कोंबडी घ्यायचा, भाव करायचा, पाणी प्यायचा आणि जाताना अंगण झाडणाऱ्या भाचीकडे बघायचा. आत्याला गिऱ्हाईक फार आवडलं होतं. एक दिवस त्याने कोंबडी घेतली नाही. सायकलच्या मागे भाचीला बसवलं आणि गेला.

वडील गेले तरी ही गाठ सुटली नव्हती. आत्याने सांगून ठेवलं होतं की तो माणूस माझ्यासमोर आल्याशिवाय या घराने त्याला जावई म्हणायचं नाही. आणि आत्याशिवाय ती रीत होतच नाही. पोलिसाला, सावकाराला, शिकलेल्या माणसाला न घाबरणारा आनातोली त्या एका बाईला घाबरायचा.

लिओकादियाने भावाला, देओला, फोन लावला. आत्या आता त्याच्याचकडे राहत होती.

देओ हसला. "ताई, तुम्ही येणार म्हणून आत्ता आत्याला सांगितलं. लगेच म्हणाली, येऊ दे. मरायच्या आधी मला त्या कोंबडीवाल्याचं तोंड बघायचंय."

"रागावून म्हणाली?"

"तिचं रागावणं आणि न रागावणं मला अजून वेगळं करता येत नाही."

रीतीप्रमाणे लिओकादिया आदल्या दिवशीच माहेरी गेली. आत्या पडवीत चटईवर बसली होती. हातापायांच्या काड्या झाल्या होत्या आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. लिओकादियाने गुडघे टेकून नमस्कार केला. आत्याने तो घेतला, घरादाराची, पिकापाण्याची रीतसर विचारपूस केली, आणि पुढे एक शब्द बोलली नाही. रात्री त्याच खोलीत निजल्या, पण आत्याने भिंतीकडे तोंड केलं होतं. लिओकादियाने अंधारात जपमाळ ओढली. नेहमी ती प्रत्येक मुलाबाळासाठी एकेक मणी सोडायची. त्या रात्री सगळे मणी स्वतःसाठीच मागून झाले, आणि तिला त्याची थोडी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी अंगणात मांडव उभा राहिला. एका बाजूला माहेरची माणसं, समोर पाहुण्यांच्या खुर्च्या. दहाच्या सुमाराला आनातोलीची मंडळी आली. सगळ्यांच्या अंगात पांढरे पायघोळ कान्झू, वरून कोट. मुलुम्बा होता, कारण त्याच्यासारखं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. या रीतीत नवऱ्याने तोंड उघडायचं नसतं. त्याच्या वतीने बोलणारा माणूस आणतात, आणि नवरा इतर पुरुषांत मिसळून गप्प बसतो. मग आत्या येते, रांगेतून फिरते, 'आमच्या मुलीने आणलेला तो हाच' असं ओळखते आणि त्याच्या कोटाला फूल लावते. फूल लागलं की तो या घरात जन्मला असं मानतात.

वास्स्वा आणि कातोही कम्पालाहून येऊन बापाच्या रांगेत बसले होते. स्वतःच्या आईच्या मागणीला आलेली मुलं बघून माहेरच्या बायका हाताआड तोंड लपवून हसत होत्या.

"एवढे मोठे पुरावे बरोबर आणल्यावर आता नाही कसं म्हणायचं?" देओने समोरून विचारलं.

"आम्ही पुरावे नाही आणले," मुलुम्बा म्हणाला. "आम्ही व्याज आणलंय. मुद्दल तुमच्याच घरात आहे."

लिओकादिया आतल्या खोलीत, दाराच्या पडद्याआड चटईवर गुडघे टेकून होती. अंगातल्या नव्या गोमेसीचे, त्या पायघोळ सणाच्या पोशाखाचे, खांदे टोकदार उभे होते आणि कमरेचा पट्टा सोबत आलेल्या फेदेरेसीने जरा जास्तच आवळला होता. पडद्याच्या फटीतून अंगण दिसत होतं. आनातोली रांगेच्या मधोमध बसला होता. जाड, टकला, मांड्यांवर हात ठेवून, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा. त्याच्या उजव्या हाताला वास्स्वा, डाव्या हाताला कातो.

देओने हाक दिली आणि आत्या बाहेर आली. काठी नको म्हणाली. एका हातात लाल फूल, दुसरा हात पुढे धरलेला. रांगेच्या टोकापासून एकेका पुरुषासमोर थांबायची, मान तिरकी करून चेहरा जवळ न्यायची, नाकाने 'हं' करायची आणि पुढे सरकायची. मुलुम्बापाशी म्हणाली, "हा फार जुना." बायका हसल्या. वास्स्वासमोर आली आणि थबकली. पुष्कळ वेळ बघत राहिली. मग आनातोलीकडे जेमतेम नजर टाकून पुढे सरली आणि कातोसमोर पुन्हा थबकली. मागे गेली, वास्स्वाला पाहिलं. पुढे आली, कातोला पाहिलं.

"या डोळ्यांना एकाचे दोन दिसतात," ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली. "पण हा तोच. हे कपाळ मी विसरणार नाही. कोंबडीवाला."

आणि तिने फूल कातोच्या कोटाला लावलं.

अंगणात कुणी हललं नाही. कातोची बायको मांडवात बसली होती, तिने पोटाशी धरलेलं पोर घट्ट दाबलं. हसू तर सगळ्यांच्या ओठांशी आलं होतं, पण कुणी हसलं नाही. आत्याने ज्याला फूल लावलं तो नवरा. तिची निवड चुकली असं चार माणसांत म्हणणं म्हणजे म्हातारीला उभ्या अंगणात उघडं पाडणं. ती तशीच आत गेली असती आणि पुन्हा बाहेर आली नसती. आणि सण पुढच्याच रविवारी होता.

आत्या मात्र खूश होती. ताठ उभी होती.

कातो बापाकडे झुकला. तो कुजबुजला, पण अंगण इतकं शांत होतं की पडद्याआडही ऐकू आलं. "बाबा, ती वळली की फूल हळूच तुमच्या कोटाला लावतो. तिला दिसत नाही. कुणी काही बोलणार नाही."

बोललं नसतंच. देओनेही होकारात मान जराशी हलवलेली लिओकादियाने पाहिली. तिच्या मनात आलं, लावू दे. देवा, तेवढं होऊ दे. आणि लगेच लक्षात आलं की आपण देवाकडे काय मागतोय. पवित्र भाकरीपर्यंत पोचण्यासाठी एका आंधळ्या बाईला फसवायची मदत. तिने डोळे मिटून घेतले, पण 'नको' म्हणायचं धैर्य तिला झालं नाही.

तेवढ्यात खुर्ची करकरली.

आनातोली उठला होता. मुलुम्बाने त्याचा कान्झू ओढला. नवऱ्याने बोलायचं नाही. आनातोलीने कान्झू सोडवून घेतला आणि तो आत्यासमोर गुडघ्यांवर बसला. एवढं मोठं अंग खाली जायला वेळ लागला.

"आत्या, तुम्ही बरोबर ओळखलंत. ते कपाळ माझंच आहे. फक्त आता ते माझ्याजवळ नाही, पोरांकडे गेलंय. ही दोघं माझी जुळी आहेत. तुमच्या डोळ्यांनी दोन बघितले ते दोनच आहेत. कोंबडीवाला मी."

आत्याचा चेहरा बदलला. हात पुढे आला, आणि जिथे चेहरा असायला हवा होता तिथे तिला टक्कल लागलं. तिने ते चाचपलं. गाल चाचपले. हनुवटी, तिच्या खालची दुसरी हनुवटी.

"हे सांगायची काय गरज होती?" ती हळू आवाजात म्हणाली. "फूल बदललं असतं तर मला काय कळणार होतं? ऐकलं मी तो काय म्हणाला ते. डोळे गेलेत, कान नाही गेले."

"एकदा फसवलंय तुम्हाला. पुन्हा कसं फसवू?"

आत्या त्याच्याकडे वाकली. "तू तिला नेलंस त्याचं मला काही नाही," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज अंगणासाठी नव्हता. "पोरी जातातच. पण त्यानंतर माझ्या भावाने एकही पोर माझ्याकडे पाठवली नाही. म्हणाला, जिला दारातला चोर ओळखता येत नाही ती काय शिकवणार. इतक्या भाच्या झाल्या. एकीलाही मी शिकवलं नाही."

आनातोली मान खाली घालून बसला.

"माझ्या कोंबड्यांचं काय केलंस?"

"आईला नेऊन द्यायचो. तिला वाटायचं पोरगा कमावता झाला."

"म्हणजे तिलाही फसवलंस."

"हो."

आत्याच्या नाकातून आवाज आला. ते हसणं आहे हे कळायला लोकांना जरा वेळ लागला. "आणि इतका जाड कशाला झालास? माणसाने ओळखायचं कसं? चूक माझी नाही, तुझ्या पोटाची आहे." तिने हात कातोकडे केला. "आण रे ते फूल इकडे."

कातोने फूल काढून दिलं. तिने ते आनातोलीच्या कोटाला लावलं. फुलाची टाचणी कोटातून छातीपर्यंत गेली असावी, कारण त्याने ओठ चावला, पण तो बोलला नाही. आता बोलायचं नव्हतं.

मांडवात एकदम आवाज फुटला, बायकांनी जिभेने लांब किलकारी दिली. मुलुम्बा म्हणाला, "माझं काम यानेच करून टाकलं. आता मला जेवण तरी मिळणार आहे का?"

आत्या आत आली. मुलीला हाताला धरून बाहेर नेणं हा तिचाच मान. पण तिने पडदा मागे नीट ओढून घेतला आणि चटईवर बसली.

"बस. शिकवायचं राहिलंय."

"आत्या, बाहेर सगळे थांबलेत," लिओकादिया म्हणाली. "आणि मला नातवंडं आहेत."

"असू देत. शिकलीस कुणाकडून? मी तर शिकवलं नव्हतं."

"शेजारणींकडून. चुकत चुकत."

"तेच म्हणते मी. म्हणून तो इतका सुटला. कान इकडे कर."

बाहेर केळीच्या पानातल्या कोंबडीचा वास सुटला होता, मुलुम्बा खोकून आठवण देत होता. आत आत्या भाचीच्या कानाशी बोलत होती. काय बोलली ते लिओकादियाने पुढे फेदेरेसीलाही सांगितलं नाही. मधेच एकदा ती लाजून "आत्या, या वयात?" म्हणाली एवढं दाराशी बसलेल्या बायकांनी ऐकलं. आत्या म्हणाली, "या वयातच." नंतर बराच वेळ दोघी नुसत्या हात धरून बसल्या होत्या, आणि तोवर बाहेरची भूक अगदी टोकाला गेली होती.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. जोडपी वेदीसमोर दोन रांगांत होती. कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या हातात काठी. फेदेरेसीच्या नवऱ्याने 'हो' म्हणायच्या आधी घसा खाकरला, तर फेदेरेसी म्हणाली, "आता कशाचा विचार करताय?" फादर सिप्रियन हसू दाबत पुढे सरकले. आनातोलीने वचन मोठ्याने म्हटलं, जरुरीपेक्षा मोठ्याने. पहिल्या बाकावर वेनेरांदा आत्या बसली होती, आणि ते तिला ऐकू जायला हवं होतं.

मग घंटा झाली. या वेळी गाणं दुसऱ्याच कुणीतरी उचललं, जरा बेसूर. लिओकादिया रांगेत उभी होती. या क्षणासाठी तिने कितीतरी वर्षांपासून एक प्रार्थना मनात घोळवून ठेवली होती, पण फादर समोर आले तेव्हा तिला त्यातला एक शब्द आठवला नाही. ती फक्त 'आमेन' म्हणाली. भाकर जिभेवर आली, टाळूला चिकटली. कागदासारखी पातळ. चव म्हणावी तर नव्हतीच.

ती जाग्यावर येऊन गुडघ्यांवर बसली. शेजारी आनातोली येऊन उभा राहिला. कोटाचं बटण ताणलेलं, डोळे ओले आणि तोंड घट्ट मिटलेलं. थोड्या वेळाने त्याने तिच्या कोपराला हळूच स्पर्श केला.

"नालोंगो," तो अगदी हळू म्हणाला, "आता काय करायचं?"

"काही नाही," ती म्हणाली. "बसायचं."

तो बसला.